विंगेतले काका

अकोल्याच्या स्पर्धेत आमच्या हौशी नाटकाची रंगमंच व्यवस्था सांभाळायला मूर्तिजापूरहून एक काका आले होते. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून विंगेत ते अनवाणी फिरत. मंचावरच्या प्रत्येक खुर्चीवर त्यांनी आधी स्वतः बसून पाहिलं.

दुसऱ्या अंकाच्या तोंडावर मला माझं पहिलं वाक्यच आठवेना. मी म्हणालो, "काका, मी नाही जात."

त्यांनी माझं मनगट धरलं. "वाक्य येते बरोबर. तुमी फक्त त्या खिडकीपावतर चाला," ते कुजबुजले आणि वेळ होताच हात सोडला. मंचावरच्या खिडकीशी पोचलो, आणि वाक्य आलं.

प्रयोगानंतर सगळ्यांच्या घरची माणसं फोटो काढायला मंचावर आली. काका एकटेच गालिचा गुंडाळत होते.

"तुमच्या घरचं कोणी नाही आलं?" मी विचारलं.

"बायको आल्ती एकदा. घरी गेल्यावर म्हने, तुमी तं दिसलेच नाई. मंग नाई आली कधी."

मी त्यांना हात धरून उजेडात, आमच्या फोटोत आणलं. तिथे हात कुठे ठेवावेत हेच त्यांना समजेना. फोटो निघेपर्यंत ते कसेबसे थांबले. मग गालिचा खांद्यावर टाकून विंगेतल्या अंधाराकडे वळले, आणि त्यांची चाल एकदम मोकळी झाली.