आत्याच्या वतीने

माझी आत्या सोफे दुरुस्त करायची. जुना सोफा सांगाड्यापर्यंत उघडायचा, पट्टे नव्याने ताणायचे, फोम बसवायचा, वर कापड ठोकायचं. पट्टा ताणताना ती डावा गुडघा लाकडाला टेकवून सगळं अंग मागे टाकायची. दुकान तिचं आणि बाबांचं. ती मागच्या खोलीत, बाबा पुढे गिऱ्हाइकांशी. काम कितीही रखडलेलं असो, बाबांचं उत्तर ठरलेलं, "छान चाललंय." अडचण सांगितली की गिऱ्हाईक सोफा उचलून दुसरीकडे नेतं, हे त्यांचं धंद्यातलं शहाणपण.

गुडघा दुखू लागला तेव्हा सगळ्यांनी खापर कामावर फोडलं. वर्षभर मलमं चोळली. एका डॉक्टरांनी तर साधा एक्स-रे न काढता वयाचं दुखणं म्हणून बोळवण केली. पन्नाशीही न गाठलेल्या बाईचं कसलं आलंय वय? हाडाचा कॅन्सर आहे हे कळलं, तोवर तो फुप्फुसांत पोचला होता. ऑपरेशनने पाय वाचला, पण केमोला फुप्फुसांतल्या गाठी काही दाद देईनात.

मग कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळं औषध सुचवलं. कॅन्सर आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशींना ब्रेक लावून ठेवतो, हे औषध तो ब्रेक सोडवतं. हाडाच्या कॅन्सरमध्ये फार थोड्यांना गुण येतो, हे त्यांनी आधीच सांगितलं. हेही बजावलं, की सुटलेले पहारेकरी कधी कधी आपल्याच आतड्यांवर तुटून पडतात. जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवायचं.

आत्याला गुण आला. गाठी निम्म्या झाल्या. ती खुर्चीत बसून उशांचे अभ्रे शिवू लागली, आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागली.

आणि जुलाब लागले. आत्या म्हणाली, फोन कर. बाबांनी केला नाही. औषध बंद करतील ही धास्ती. मी नोकरीच्या गावी, मला दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या सलाईनच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशा आहेत? विचारलं तेही बाबांकडे बघून! जिच्या पोटात पिळवटत होतं ती समोर बसलेली, तिला धड तोंड होतं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. ती बोलायच्या आत बाबांनी दुकानातलं उत्तर दिलं आणि त्या औषधाची आणखी एक बाटली तिच्या अंगात गेली.

थोड्याच दिवसांत रक्त पडून आत्या कोसळली. स्टेरॉइड देऊन आतडं कसंबसं वाचवलं. मी धावत पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई आत्याच्या खाटेशी बाबांना सांगत होत्या, "वेळेत कळलं असतं, तर थोडं थांबून पुन्हा सुरू करता आलं असतं. आता हे औषध यांना कधीच देता येणार नाही."

बाबा पुटपुटले, मी तिच्या भल्यासाठीच केलं. भलं! आलेला गुण हातचा घालवला आणि म्हणे भलं. मी तोंड उघडणार, तोच आत्या बोलली. आवाज चढवला नाही.

"दादा, दुखणं माझं होतं. उत्तरं तू दिलीस."

पुढचं बोलायला डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि बाबांना बाहेर यायची खूण केली.

"बाहेर नको," आत्या म्हणाली. "किती दिवस आहेत ते मला सांगा."

डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.