रिकाम्या गाडीचे ब्रेक

लढाईत वापरून मोडीत काढलेला लष्करी ट्रक खुशालरावांनी अकोटला आणला, तेव्हा बाजारातल्या लोकांनी नावं ठेवायला कमी केलं नाही. डोमाजी मिस्त्री मात्र ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "मालक, याले मी माणसात आणतो."

डोमाजींची पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात गेली होती. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून एकच ध्यास लागला होता, स्वतःच्या नावाची पाटी. ट्रक नीट चालला तर आपल्या कापसाच्या जिनाच्या फाटकाजवळची टिनाची खोली देण्याचा शब्द खुशालरावांनी दिला होता. पंचफुलानं, डोमाजींच्या बायकोनं, ती सारवूनही टाकली. एवढी घाई!

तीन महिने डोमाजी ट्रकखालीच राहिले म्हणा ना. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. पुढची चाकं ब्रेकसकट दुसऱ्या गाडीची आणली, मागची जुनीच ठेवली. आता दोन्हींच्या ब्रेकचं जुळवायचं होतं. सरकीची पोती गच्च भरून डोमाजींनी ब्रेक लावून पाहिले, पुन्हा जुळवले. शेवटी ट्रक नाकासमोर सरळ थांबला.

पहिलीच खेप हिवरखेडहून कापसाची; खुशालराव आणि डोमाजीही सोबत बसले. ट्रकवर कापसाचा डोंगर. वाटेत म्हैस आडवी आली, ड्रायव्हर शालिकरामनं ब्रेक दाबला आणि ट्रकचं मागचं अंग गर्रकन फिरून नालीत गेलं. कोणाला खरचटलंही नाही, पण खुशालराव पेटले.

"डोळे मिटून चालवतं का बे? उद्यापासून येऊ नको!"

शालिकराम मान खाली घालून उभा राहिला. घरी चार लेकरं होती त्याच्या.

डोमाजी रस्त्यावर उकिडवे बसले. मागच्या चाकांनी मुरूम खरवडत नेला होता, पुढची सरळ फिरत आली होती. त्यांच्या लक्षात आलं. कापूस दिसतो डोंगराएवढा, वजनात सरकीच्या पासंगालाही पुरत नाही. 'भरला ट्रक' म्हणून सारं वऱ्हाड फसतं, तसे तेही फसले होते. ब्रेक सरकीच्या वजनाला जुळवलेले, त्यामुळं हलक्या गाडीची मागची चाकं पुढच्यांआधीच जाम झाली.

त्यांना कोणीच काही विचारलं नव्हतं. गप्प बसलं की खोली आपली. खोटं कशाला सांगा, खोली जायची डोमाजींना भीती वाटलीच.

"मालक, शालिकरामले काहून बोलता? चूक माही आहे."

"मग खोली विसर!"

"विसरलो. पन त्याले कामावर ठेवा. अन् मले आठ दिवस द्या."

खुशालराव पाय आपटत निघून गेले, पण ट्रक परत डोमाजींच्याच हाती दिला. डोमाजींनी मागच्या चाकांत ब्रेकचे लहान सिलिंडर बसवून त्यांची पकड कमी केली आणि नवव्या दिवशी सगळ्यांदेखत रिकामा ट्रक शालिकरामच्या हाती दिला. वेगात येऊन त्यानं ब्रेक दाबला. पुढच्यांनी आधी धरलं, मागच्यांनी साथ दिली, ट्रक सरळ उभा राहिला.

"सरकी भरली का चार हात उशिरा थांबन," डोमाजी म्हणाले. "तवा डायवरले घाई करू देऊ नका."

खुशालरावांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी खोलीची किल्ली काढून पंचफुलाच्या हातात ठेवली.

पाटी लागली. वर डोमाजींचं नाव, खाली एक ओळ: 'ब्रेक दाखवायला गाडी रिकामी आणावी.' बाजार हसला. ती ओळ शालिकरामनं स्वतःच्या हातानं रंगवली होती.