न विचारणारे डॉक्टर

समोरचा माणूस खोकला की याचा हात चिठ्ठीकडे जायचा. माणूस स्टुलावर नीट टेकायच्या आत चार ओळी खरडून झालेल्या असत. मग दोन बोटांनी चिठ्ठी पुढे सरकवत, नजर दारातल्या पुढच्या पेशंटवर ठेवून तो म्हणायचा, "घ्या बिनधास्त."

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीतला हा डॉक्टर. वयानं माझ्याहून मोठा, तरी मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे. माझं त्याच्याशी वैर होतं. प्रेम असल्याशिवाय माणसाबद्दल लिहू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

असा डॉक्टर तुम्हीही पाहिला असेल. त्याची सगळी कीर्ती एका गोष्टीवर उभी होती: तो काही विचारत नसे. करमाडहून येणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींना कौतुकानं सांगत, "त्याला सांगावं नाय लागत. तोंड बघितलं की वळखतो." जो डॉक्टर पेशंटला चार प्रश्न विचारतो त्याला काही कळत नाही, हे आमच्या गल्लीचं ठाम मत. कोपऱ्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला होता. त्या सगळं विचारायच्या. बिचाऱ्यांना लवकरच गाशा गुंडाळावा लागला.

घरात आम्ही दोघं भावंडंच. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, दादा एसटीतून. दादाच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायचे, म्हणून रक्त पातळ करणारी एक गोळी तो रोज सकाळी चहाबरोबर घ्यायचा. त्याच्या लेखी ती औषधात मोडतच नव्हती, चहात मोडायची.

मोठ्या लाटा ओसरून गेल्यावर दादाला करोना झाला. ताप, खोकला, बाकी काही नाही. डॉक्टरनं करोनावरच्या नव्या, तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं. "सुई नाही, सलाईन नाही. घ्या बिनधास्त." दादा खूश. गोळ्या गिळून म्हणायचा, "तोंडात खिळा ठेवल्यागत लागतंय गं." त्यावरही आम्ही हसलो. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग शौचाला काळं झालं.

मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं पहिलाच प्रश्न आला, "आधीची कुठली गोळी चालू होती का?" मी नाव सांगितलं आणि विचारणाऱ्या पोरीचा चेहरा उतरला. या नव्या गोळ्यांमुळे दादाची जुनी गोळी शरीराबाहेर पडेनाशी झाली होती. रोजची गोळी रोज साठत गेली. "नव्या गोळ्या वाईट नाहीत, मावशी," ती म्हणाली. "वयस्कर माणसाला वेळेत दिल्या तर जीव वाचवतात. पण आधी विचारावं लागतं."

दादा घरी परत आला नाही.

दहाव्याला डॉक्टर आला. दारातच उभा राहिला. "वय झालं होतं त्यांचं," म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हाच ठरवलं, याच्या तोंडून 'चुकलं' एवढा एक शब्द ऐकल्याशिवाय याला सोडायचं नाही.

लोक म्हणाले, तक्रार करा. तक्रारीला पुरावा लागतो. न विचारलेल्या प्रश्नाचा पुरावा कुठून आणायचा?

गुडघ्याचं निमित्त काढून मी रोज त्याच्या दवाखान्यात जाऊन पहिल्या बाकड्यावर बसायला लागले. तिथून त्याचं टेबल दिसायचं. त्यानं "घ्या" म्हटलं की "बिनधास्त"च्या आधी मी म्हणायचे, "डॉक्टर, आधीच्या गोळ्या विचारा." वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज माझा. तो लालबुंद व्हायचा.

"बाई, तुम्ही तुमचं बघा."

"माझंच बघतेय."

दादाचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मला ऊठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाइलाजानं तो विचारायला लागला. आणि मला हवं होतं तेच झालं. खुलताबादचे एक चाचा वैतागून म्हणाले, "इत्ता क्या पूछते डॉक्टरसाब? देख को दो ना." करमाडच्या म्हाताऱ्या बाहेर पडता पडता म्हणाल्या, "आता याला काई कळंना. लई इचारायला लागला." रस्त्यापलीकडे एक नवा डॉक्टर आला होता. गर्दी हळूहळू तिकडे सरकली. गल्लीला वाटे, बाई समाजसेवा करतायत. मी उट्टं काढत होते, आणि रिकामी होत जाणारी बाकडी बघून मला आनंद होत होता. खोटं कशाला बोलू?

एकदा मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली एक सून करोना घेऊन आली. त्यानं करोनावरच्या दुसऱ्या, स्वस्त गोळ्यांची चिठ्ठी लिहिली आणि थांबला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. "पाळी कधी आली होती?" त्यानं विचारलं. सासू भडकली, "खोकल्याला पाळी कशाला पायजे?" सुनेनं मान खाली घातली. दिवस गेले होते. त्यानं चिठ्ठी टराटरा फाडली. "या गोळ्या हिला चालत नाहीत." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

पुढे मलाच करोना झाला. वैऱ्याच्या दारात कशाला गेले म्हणाल, तर विचारतो का ते बघायला. नसतं विचारलं, तर भर गल्लीत त्याची अब्रू काढणार होते. दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. त्यानं बीपी विचारलं, साखर विचारली, किडनी, लिव्हर, रोजच्या गोळ्या, अगदी काढे आणि चूर्णंसुद्धा. शेवटी चिठ्ठीवर फक्त तापाची गोळी लिहिली. "लशी झाल्यात, दुसरा आजार नाही. तुम्हाला त्या गोळ्यांची गरज नाही. पाणी प्या, झोपा. दम लागला तर लगेच फोन करा."

मी उठले, तेव्हा त्यानं खाली बघत आणखी एक प्रश्न विचारला. "घरात दुसरं कुणी रोजची गोळी घेतं?"

"आता कुणी नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मीही थांबले नाही.

मी बरी झाले. गेल्या हिवाळ्यात डॉक्टर वारले. 'वारला' असं लिहायला घेतलं होतं, हात वळेना. पण माफ केलेलं नाही. माझा तो एक शब्द ते बरोबर घेऊन गेले, याचा राग अजून आहे.

दवाखान्याचं शटर बंद असतं. परवा रस्त्यापलीकडे नव्या डॉक्टरकडे ही गर्दी. आतून हसरा आवाज आला, "काही होत नाही, घेऊन टाका." बाहेर करमाडची एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "ह्यो काईच इचारत नाय. तोंड बघूनच वळखतो."

मी आत गेले आणि पहिल्या बाकड्यावरच्या माणसाला म्हटलं, "जरा सरका."