बाबांनी लावलेला कूलर

आज दुपारी बाबा दर्यापूरहून अमरावतीला आले होते. गुडघ्यांमुळे ते बसचा प्रवास टाळतात, पण पोरगी चार वर्षं प्रयोगशाळेत नेमकं काय करते ते त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

काम साधं सांगते. काचेच्या पट्टीवर पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर द्यायचा. थर नीट बसला की अतिनील दिव्याखाली तो हिरवागार उजळतो. हवेत ओल असली की बिघडतो. म्हणून भर उन्हाळ्यातही थर देताना आम्ही खोलीतला कूलर बंद ठेवतो.

मी कामाला वाकले आणि पाठीवर गार, ओला वारा आला. वळून पाहिलं तर बाबांनी कूलर लावून त्याचं तोंड माझ्याकडे केलं होतं.

"घामानं भिजून राहिली तू. कूलर कावून बंद ठेवला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगवलं. घर सोडल्यापासून माझ्याकडे असा वारा कोणी वळवला नव्हता.

थर पांढुरका झाला. दिव्याखाली काहीच उजळलं नाही.

"जाऊ दे माय, पुढच्या बारीले पाहीन," म्हणाले आणि साडेचारच्या बसने गेले.

मग कूलर बंद करून मी दुसरा थर दिला. तो असा उजळला की दिवा बंद करवेना. बाबांचा फोन साधा आहे, त्यावर फोटो जात नाही.

खरं सांगा, तुम्ही त्यांना कूलर बंद करायला सांगितलं असतं?