फळीवरची मुकादम

सलून चालवणाऱ्या माणसाचं आयुष्य उभ्याने जातं, हे खुर्चीत बसलेल्याला कधी कळत नाही. तो आपला डोळे मिटून मान टाकून देतो आणि वर विचारतो, "काय दादा, मजेत?" दादाच्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या, उजवा खांदा दुखून दुखून बधिर झाला होता, तरी तो "मजेत" म्हणायचा आणि कात्री चालवायचा. नुसता कामाने थकला असता तर झोपून उठल्यावर बरं वाटलं असतं. पण हा थकवा झोपेला दाद देत नव्हता.

दुकान दोघा भावांचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे बसायला बाक. धाकटा भाऊ त्याला दादा म्हणतो म्हणून सगळी गल्ली दादा म्हणते, आणि दादाच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी. या दोघांना एक मुलगी होती. पाचवं वर्ष लागलं आणि रक्ताच्या आजाराने गेली. जेवढी जगली त्याहून जास्त वर्षं आता तिला जाऊन झाली. एवढं सांगून गप्प बसता येतं, आणि दादाने नेमकं तेच केलं होतं.

पण पोर काय होती म्हणून सांगू! लहान मुलांचे केस कापायचे तर खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात, म्हणजे मूल कात्रीच्या उंचीला येतं. ती फळी या बयेने बळकावली होती. आई घरी दुकानाचे टॉवेल धुवायला बसली की ही दुकानात हजर. रिकाम्या खुर्चीवर फळी टाकून घ्यायची, वर चढून बसायची आणि शेजारच्या गिऱ्हाइकावर पहारा. कुणी जरा हललं की बोट वर, "मान हलवायची नाही!" भलेभले गुमान बसायचे. शाळेचे हेडमास्तर, ज्यांच्यापुढे शिक्षकांची बोबडी वळायची, तेसुद्धा. म्हणून तिचं नाव पडलं मुकादम. खरं नाव फक्त दवाखान्यात लागायचं.

दवाखान्यात ते फार लागलं. आधी ताप येत होता, मग अंगावर काळेनिळे डाग उमटले, मग सुया, बाटल्या, पुन्हा सुया. औषधांनी केस गळायला लागले. झुपके उशीवर, झुपके आईच्या हातात. शेवटी एकदा सुट्टीच्या दिवशी दादाने तिला बंद दुकानात नेलं आणि फळीवर बसवून डोकं साफ करून टाकलं. वहिनीला ते बघवलं नसतं, ती घरीच थांबली. नंतर थोड्याच महिन्यांत मुकादम गेली.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा एक गिऱ्हाईक म्हणालं, "सुटली बिचारी." भला माणूस होता, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. दादाने हातातला कंगवा भिंतीवर फेकून मारला. "यापुढे इथे तिचं नाव काढायचं नाही. कुणीही नाही." फळी माळ्यावर गेली. घरी बायकोलाही हेच बजावलं. पोराला घेऊन कुणी आलं तर दादा त्यांना पुढच्या चौकातल्या दुकानाची वाट दाखवू लागला.

आणि लोकांनी ऐकलं की हो! एरवी या गल्लीत कुणी कुणाचं ऐकेल तर शपथ. पण तेव्हापासून एकाच्याही तोंडून मुकादम हा शब्द दादाच्या कानावर आला नाही. दादा आरशात बाकाकडे बघत राहायचा. निवडणूक निघायची, कुणाची गुडघेदुखी, कुणाच्या पोरीचं लग्न, सगळं निघायचं, तेवढा एक विषय सोडून. हळूहळू त्याच्या मनाने घेतलं की हे विसरले. बायकोही विसरत चालली असावी, कारण तीही अवाक्षर काढत नव्हती. म्हणजे आता ती पोर फक्त आपल्यापाशी उरली, आणि आपले पाय हे असे. आपण गेलो की ती कधी होती हेच कुणाला ठाऊक नसणार. या भीतीने त्याला आतून पोखरलं होतं. आता याला काय म्हणावं? स्वतःच दाराला कडी घालायची आणि कुणी येत नाही म्हणून झुरायचं! पण दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, त्याला कोण काय करणार.

दुपारी जेवायला तो घरी यायचा. घर मागच्याच गल्लीत. जेवून भिंतीला पाय टेकवून आडवा व्हायचा. तो आडवा झाला की वहिनी धुतलेल्या टॉवेलांचं गाठोडं उचलायची, "देऊन येते हं" म्हणायची आणि दुकानात जायची. बराच वेळ लावायची. दादाला वाटायचं, जाऊ दे, तेवढेच तिचे पाय मोकळे होतात.

त्या दुपारी वहिनी नेहमीसारखी "देऊन येते" म्हणाली, दार ओढून घेतलं आणि गेली. दादा पडला खरा, पण पोटऱ्यांत असे काही गोळे येत होते की डोळा लागेना. कुशीवर वळला तर समोर खुर्चीवर गाठोडं. नीट बांधलेलं, गाठ मारलेलं. टॉवेल द्यायला गेलेली बाई टॉवेल घरीच विसरली होती. येईल परत, म्हणून तो वाट बघत पडला. ती आली नाही. मग ही रोज जाते तरी कशाला? शंकासुद्धा घ्यायचं त्राण नव्हतं त्याच्यात. त्याने चपला घातल्या, गाठोडं काखेत मारलं आणि पाय ओढत निघाला.

दुकानाला मागच्या गल्लीत एक दार होतं, त्याला पडदा. पडद्याला हात घालणार तोच आतून हसू आलं. दादा जागच्या जागी थांबला. बायकोचं हसू होतं. ते त्याने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हेही त्याला आत्ताच कळलं.

आत ड्रायव्हरकाका बोलत होते. जन्मभर बस चालवून रिटायर झालेला माणूस, आवाज अजून हॉर्नसारखा. धाकटा त्यांची दाढी करत होता. "मग काय वहिनी, मला म्हणते, काका, गाडीत लोकांना हलू नका म्हणता आणि स्वतः हलता? आणि भरलेला तांब्या माझ्या डोक्यावर! अख्खा! नखशिखांत भिजलो मी. अशी मुकादम पुन्हा होणे नाही."

"मागच्या वेळी सांगितलंत तेव्हा पेला होता, काका," बाकावरून हेडमास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो मास्तर, तुम्हाला तर तिने कान धरायला लावले होते."

पुन्हा सगळे हसले, वहिनी सगळ्यांत जास्त. म्हणजे हे रोजचं होतं. तो घरी पाय पसरून पडायचा तेव्हा इथे त्याची पोर फळीवर चढून बसायची. दादाला राग आला, आपल्याला वगळलं म्हणून. आणि त्याच दमात हलकंही वाटलं. त्याने पडदा बाजूला केला.

"तांब्या नव्हता," तो म्हणाला. "फवारा होता."

धाकट्याचा वस्तरा ड्रायव्हरकाकांच्या गालाजवळ हवेतच थांबला. वहिनी धडपडत उठली. तोंडावरचा रंगच उडाला तिच्या. "अहो, मी ते टॉवेल द्यायला..." आणि तिची नजर त्याच्या काखेतल्या गाठोड्यावर गेली.

"घरी राहिले," दादा म्हणाला.

"दादा, माझी चूक," धाकटा घाईने बोलला. "वहिनीला काही बोलू नकोस. तूच नाव काढू देईनास, मग ती इथे येऊन..."

"चष्म्यावर मारला होता फवारा," दादाने त्याचं ऐकलंच नाही. "काका, तुमच्या चष्म्यावर. आणि मग स्वतःच्याच फ्रॉकने पुसून दिला. विसरलात?"

ड्रायव्हरकाकांनी फेसासकट मान हलवली. "खरंय रे बाबा. फ्रॉकनेच पुसला."

दादा बाकावर बसला. त्याच्याच दुकानातला बाक, पण त्यावर तो कधी बसलाच नव्हता. बायकोला हाताने बस म्हणाला. ती बसली, जरा अंतर ठेवूनच. मग गाठोड्याची गाठ सोडत, बांधत, तो जमिनीकडे बघून बोलू लागला.

"डोकं साफ केलं ना तिचं, त्या दिवशी मी मागून आरसा दाखवणारच नव्हतो. म्हटलं, कशाला दाखवायचं. तर म्हणते, बाबा, सगळ्यांना दाखवतोस तसं दाखव. दाखवला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, अगदी चोखंदळ गिऱ्हाइकासारखं. म्हणाली, कानामागे राहिलंय."

"आणि?" वहिनीने विचारलं.

"राहिलं होतंच. ते काढलं. पुन्हा आरसा दाखवला. मग म्हणाली, आता चालेल."

वहिनी अंतर सोडून जवळ सरकली. तिचे डोळे भरून आले होते. "मला इतकी वर्षं वाटायचं, खूप रडली असेल ती. मी आले नाही. मला वाटायचं, रडत बसली असेल आणि मी तिथे नव्हते."

"नाही गं," दादा म्हणाला. "ती नाही रडली. मी रडलो. मागे उभा होतो, वाटलं, तिला दिसणार नाही. पण समोर आरसा एवढा मोठा. बोट वर केलं आणि मला म्हणाली, बाबा, मान हलवायची नाही."