पुसलेला काकडा

देवळातला आवाज तुमच्यापैकी कुणी कधी पुसला आहे का? मी पुसला आहे. तोही सावधगिरी म्हणून. हसू नका, चहा घ्या आणि ऐका.

मी निवृत्त शिक्षक. रोहिणखेडच्या बाजूला आमचे गाव. तिथल्या मारुतीच्या देवळाचा मी एक विश्वस्त. माझ्याकडे एक लहानसा लॅपटॉप आहे. त्यात लिनक्स ही संगणक प्रणाली आहे आणि माझी सगळी प्रवचने होती. मुलगी वैदेही पुण्याहून फोनवर नेहमी बजावी, की यंत्रावर विसंबू नये. एक मेमरी कार्ड असे तयार करावे, की आतली डिस्क बसली तरी लॅपटॉप त्या कार्डावरून सुरू व्हावा आणि आतले सगळे सुखरूप बाहेर काढता यावे. मला हे पटले. सावध माणसाला पश्चात्ताप करावा लागत नाही, यावर माझे एक प्रवचनच होते.

मलकापूरहून आणलेले कार्ड लॅपटॉपने ओळखलेच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ते बदलून आणता आले असते. पण उपदेश करणाऱ्याला धीर कुठला? देवळातल्या अँप्लिफायरमध्ये एक कार्ड होते. देवळाची किल्ली माझ्याजवळही होती. मी कुणाला विचारले नाही. विश्वस्ताने विचारायचे तरी कुणाला?

त्या कार्डावर सदाशिवबुवांचा काकडा होता. बुवा वारले, त्याआधी कुणीतरी तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. इतरत्र काकडा कार्तिकात होतो. आमच्याकडे बुवांच्या आवाजासाठी तो बारा महिने लागतो. त्यांची पत्नी गोदामाय रोज पहाटे देवळाच्या पायरीवर बसून तो शेवटपर्यंत ऐकते आणि मगच घरी जाऊन चूल पेटवते. बुवांचे उच्चार अशुद्ध होते, हे मी त्यांना हयातीत अनेकदा सांगितले होते. तो भाग वेगळा.

आता मी काही अगदीच अविचारी नव्हतो. आधी बुवांचा काकडा लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला, मगच कार्ड पुसून त्यावर नवे लिनक्स चढवले. लॅपटॉप कार्डावरून सुरू केला. झाला! मी मारुतीला हात जोडले.

पडद्यावर एक चिन्ह दिसले: ही प्रणाली स्थापित करा. मला वाटले, कार्डावर हिची रीतसर स्थापना झाल्याशिवाय पुढचे कार्य होत नसेल. मूर्ती नुसती आणून ठेवली तर पूजा सुरू होते का? यंत्राने विचारले, डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल, पुढे जायचे का? कार्डावर पुसण्यासारखे आता उरले होते काय? मी होकार दिला.

ती डिस्क कार्डाची नव्हती. लॅपटॉपची होती.

वैदेहीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, ज्याचा बॅकअप घ्यायचा, तेच पुसलंत तुम्ही.”

प्रवचने गेल्याचे फारसे वाटले नाही. गावालाही वाटले नसते. पण बुवांचा आवाज? जेवण गेले नाही. काकडा पुसलेले कार्ड गुपचूप जागेवर ठेवून आलो आणि रामरक्षा म्हणायला बसलो. तीही चुकली.

पहाटे राजाराम गुरवाने बटण दाबले. आवाज आला नाही. गोदामाय पायरीवर वाट पाहत बसून राहिली. उजाडले तरी उठली नाही.

दुपारपर्यंत गावाने निकाल लावला: राजारामनेच कार्ड मोबाईलमध्ये घालून सिनेमे पाहिले असणार. समितीचे अध्यक्ष दामूअण्णा यांनी बैठक बोलावली आणि चौकशी सोपवली माझ्याकडे. कॉम्प्युटर समजणारा आणि खोटे न बोलणारा गावात मी एकटाच, असे त्यांचे म्हणणे पडले.

मी घसा साफ केला. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूविषयी, निव्वळ सवयीने, चार वाक्ये बोललो. चांगली बोललो. लोकांनी माना डोलावल्या. राजारामने कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवली.

“मी त्याले हातबी नाही लावला जी,” तो म्हणाला. “पन तुम्ही म्हनसान तं माह्याच हातून झालं असन. तुम्ही काऊन खोटं बोलसान?”

हे मला सोसले नाही. सगळे सांगून टाकले. दामूअण्णांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

“म्हंजे गुरुजी, चोर बी तुम्हीच अन् ठानेदार बी तुम्हीच?”

दंड काय करायचा, हे गोदामायला विचारण्यात आले. ती म्हणाली, “कार्तिकी पुनवेपरेंत काकडा गुरुजींनंच म्हनावा. माइकवर.”

माझ्या आवाजाविषयी एवढेच सांगतो: शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक मला नुसते ओठ हलवायला सांगत. पहिल्याच पहाटे गावातल्या म्हशींनी पान्हा चोरल्याची तक्रार आली. गोदामाय मात्र पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐके. माझी नजर वर होत नसे.

कार्तिकी पौर्णिमेला तिने पदराखालून मोबाईल काढला. त्यात बुवांचा सगळा काकडा होता. मी म्हणालो, “माय, हे आधी सांगायचं होतं.”

“काऊन सांगू? आमचे हे जलमभर म्हनत, गुरुजी घरी बसून माह्या चुका काढते, एक डाव देवळात म्हनून दाखवा म्हना. आता दाखवलं तुम्ही.”

बुवांचा आवाज कार्डावर परत गेला. मात्र राजारामने दरम्यान माझाही काकडा रेकॉर्ड केला होता. तोही त्याच कार्डावर आहे. प्रसाद घेऊनही लोक गप्पा मारत बसले, की तो मला लावतो. देऊळ क्षणात रिकामे होते.

तेवढे पुसून टाक, असे मी त्याला हात जोडून विनवले. त्याने गोदामायकडे पाहिले.

“पुसाचं नाव तुम्ही काढूच नका, गुरुजी,” ती म्हणाली.