बाळाचं पोट आनि खाडीतला मासा

आमच्याकडं बाळाचा डायपर जाळत नायत. जाळला की बाळाच्या ढुंगनाची आग होते, चट्टे उठतात, असं सगळ्याच बायका सांगतात, आनि माझं हे पहिलंच, मला कोनी काय बी सांगितलं की खरंच वाटतं. परसात पुरला तर कुत्री उकरून दारोदार फिरवतात. कचऱ्याची गाडी हायवेच्या फाट्यावर थांबते, आत गावात येतच नाय. मंग राहिली नदी. संध्याकाळी आमी लेकुरवाळ्या पुलावर जायचो, पिशवीला गाठ मारायची, नदीकडं पाठ करायची, डोक्यावरनं मागं फेकायची आनि वळून बघायचं नाय, बघितलं तर पोराचं दुखनं परत येतं. सासूबाई बोलायच्या, वाहत्या पान्यात सोडलं की सगळं निघून जातं. कुठं जातं ते मी कधी विचारलं नाय. मी सातवीत शाळा सोडली, नदी समुद्राला मिळते एवढं भूगोलात होतं, पन ती भूगोलातली नदी, आमची कशी असंल, असं वाटायचं.

मंग अंगनवाडीत शहरातनं एक ताई आली. तिनं भिंतीवर चादर लावून पिक्चर दाखवला. त्यात एक मासा कापला, त्याच्या पोटातनं पिशवी निघाली, दोरी निघाली, बाटलीचं बूच निघालं. ताई बोलली, हे सगळं तुमच्या नदीतनं खाडीत जातं, खाडीतनं समुद्रात. माशाला वाटतं खायचं हाय, तो गिळतो, पोट गच्च होतं, खाली काय उतरत नाय, आनि मरतो. तुमचे डायपर पन तिकडंच जातात, आनि ते लवकर कुजत बी नायत.

शेजारची वहिनी मागनं बोलली, "म्हंजे आमचा डायपर समुद्र बघून आला? बया, आमी अजून अलिबागला गेलो नाय!"

सगळ्या हसल्या, ताई पन हसली. मी नाय हसले. माझी पोर मांडीवर होती, तिनं कालपासनं शी केली नव्हती. मी तिचं पोट दाबून बघितलं. गच्च होतं.

डॉक्टरकडं गेले. ते बोलले, वरचं खानं चालू केलं की होतं असं, घाबरू नका, पानी पाजा, हे थेंब द्या. थेंब दिले, पानी पाजलं, कोमट तेल लावलं, काय नाय. पोर नुसती लालेलाल होऊन कन्हायची. डॉक्टरला काय म्हाईत, त्यानं तो मासा बघितला नव्हता. माझ्या डोक्यात एकच बसलं, कुठंतरी एका माशानं माझ्या पोरीचा डायपर गिळलाय, त्याचं अडलंय, म्हनून हिचं अडलंय.

नवऱ्याला सांगितलं. तो ड्यूटीवर निघाला होता, बूट घालता घालता बोलला, "कंचा मासा? पापलेट का बोंबील?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाय गं, विचारतोय. बोंबलाच्या तोंडात डायपर जाईल का?"

मला वाटलं सासूबाई तरी मला वेडी म्हनतील, मंग माझी भीती कमी होईल. पन त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं नि बोलल्या, "मंग त्या माशाला सोडवाय पायजे गं." आता मी जास्तच घाबरले.

आमी दोघी पोरीला घेऊन टेंपोनं शिळफाट्याच्या बाजारात गेलो. तिथं खाडीकडच्या मावश्या मासळी घेऊन बसतात. पहिल्याच मावशीच्या पाटीसमोर मी खाली बसले आनि एकेका माशाचं पोट दाबाय लागले.

"काय गो बाय, मासा घेतेस का तपासतेस?"

"मावशी, ह्याचं पोट फुगलंय."

"गाबोली हाय ती! अंडी! पोटुशी हाय बिचारी, सोड तिला."

सासूबाईंना धीर नाय. त्या सरळ बोलल्या, "आमच्या नातीचा डायपर गिळलेला मासा पायजे."

मावशीनं कोयता खाली ठेवला. बाजूच्या बाईला हाक मारली, "आयकलंस का गो? कोन साफ करून मागतो, कोन तुकडे करून मागतो, हिला डायपरवाला पायजे!" सगळी रांग हसाय लागली. मावशी पन हसली, पन मंग तिचं हसू गेलं.

"हसायचं काय नाय," ती बोलली, "रोज येतात जाल्यान. डायपर पानी पिऊन कसा फुगतो ते म्हाईत हाय ना? परवा आमच्या घरवाल्याचं जालं जड झालं. तो वरडला, जिताडा! जिताडा! आता एवढा मोठा मासा खाडीत राहिलाय कुठं, बाजूच्या होड्या बघाया जमल्या. मला निरोप आला, मी मसाला वाटला, जावयाला फोन केला, जेवाया ये. आनि वर काय आयलं? डायपर. त्याच्यावर अस्वल हसतंय."

मी तिच्या पाटीवर वाकले. "निळं अस्वल?"

"निलं."

"आमचंच!" सासूबाई बोलल्या. जशी काय हरवलेली गाय सापडली. "मंग वर काढलं ना? झालं ना मोकळं?"

"काढलं."

सासूबाईंनी वर बघून हात जोडले. मी विचारलं, "मंग आता कुठं हाय ते?"

"कुठं असनार? टाकलं परत पान्यान. घरी नेऊन पुजू का?"

 मी तिथंच ओल्या फरशीवर बसले नि रडाय लागले. मावशी बोलली, "अगो रडतेस कशाला, ते जाल्यान होतं, माशाच्या पोटान नव्हतं."

"पन परत टाकलं ना! आता गिळंल!"

मावशीनं जरा विचार केला. "हां," ती बोलली, "ते बी खरं हाय."

मी अजून जोरात रडले. तेव्हा तिनं लुगड्याला हात पुसले नि बोलली, "आन ती पोर हिकडं." पोरीला मांड्यांवर उतानी टाकली, तिचे गुडघे धरून पोटाशी दाबले, सोडले, दाबले, सोडले. मधेच एक गिऱ्हाईक बोललं, "मावशी, माझे बोंबील?" ती बोलली, "थांब रं दादा, पोरीचं काम चाललंय." तो पिशवी धरून उभा राहिला, तो पन बघाय लागला.  पोरीचं तोंड लाल झालं, मूठ आवळली, आनि मंग झालं. आवाज पलीकडच्या भाजीवाल्यापर्यंत गेला असंल. मासळी बाजारात वास, त्याच्यात हा वास, आनि सगळ्या मावश्या टाळ्या वाजवतायत, बोंबीलवाला दादा माझं अभिनंदन करतोय. मी पोट दाबून बघितलं. मऊ! मी हसत होते नि रडत होते, कंचं कंचं ते कळेना.

मी पोरीला धुवून घेतली. सासूबाईंनी डायपरच्या पिशवीला गाठ मारली, मागं नाला होता, तिकडं पाठ करून उभ्या राहिल्या नि हात वर केला.

"ओ आजी!" मावशी एवढ्या जोरात वरडली की त्या दचकल्या. "परत माज्याच घरी धाडतेस व्हय? जावई अजून रुसून बसलाय!"

मंग ती पिशवी आमच्याबरोबर टेंपोनं घरी आली. नवरा ड्यूटीवरनं आला, खुंटीवर पिशवी बघून खूश झाला, "मासे आनलेत वाटतं," असं बोलत स्वतःच सोडाय लागला. त्या दिवशी तो जेवला नाय.

जाळायचं नाय, पुरायचं नाय, आता नदीत पन टाकायचं नाय. पिशवी घरात ठेवायची तर सासूबाईंना चालेना. शेवटी सकाळी पोरीला कडेवर घेतली, पिशवी हातात, नि चालत हायवेच्या फाट्यावर गेले, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. आता जातेच मी रोज. पहिल्या दिवशी गाडीवाल्यानं पिशवी घेतली, मागं फेकली नि गाडी चालू केली. मी पळत त्याच्या खिडकीशी गेले.

"भाऊ, तुमी हे पुढं कुठं टाकता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "तुमाला काय करायचंय ताई," तो बोलला नि गेला.

मी तिथंच रस्त्याच्या कडंला उभं राहून पोरीचं पोट दाबून बघितलं. मऊ होतं. थोडं पुढं गेल्यावर परत बघितलं.